पुढल्या दाराने

अगो, सव्वादोन वाजून गेले आणि पाणी अजून आलेलं नाही.

मी त्याच खडीवर बसलोय. दोन वर्षांमागं आपली होडी जिथं टेकली होती, तिथंच. करंज तोच आहे, त्याच्या मुळाला दोरी बांधलीय. तुझी तीन दगडांची चूल पण सापडली. एक दगड पावसात गडगडत खाली गेला होता, तो उचलून आणला. समोर नदी आहे, पण नदी म्हणावी असं तिच्यात काही नाही. गुडघाभर पाणी, त्यात काळे दगड, दगडावर एक बगळा. पुढली दोन वळणं गेली की तुझ्या माहेरचा घाट. तू गेलीस त्याला आज त्रेचाळीस दिवस झाले, आणि मी एकटा तीन दिवस वल्ही मारत इथवर आलोय.

तू म्हणायचीस, तुमच्या तोंडातून गोड शब्द निघायचा नाय, एकदा लिहून तरी द्या. तेव्हा म्हटलं, लिहायला मी काय मास्तर आहे? आता लिहितोय. पेन्सिल आहे, वही आहे, आणि पाणी येईपर्यंत दुसरं काम नाही.

चौथीतून माझी शाळा सुटली हे तुला ठाऊक. त्या चार वर्षांतलं एकच उपयोगी पडलं, पाऊणकीचा पाढा. एक पाऊण पाऊण, बे पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. आज तृतीया, म्हणजे सव्वादोनला आपल्या खाडीच्या तोंडाशी पाणी पुरं भरलेलं असणार. चाळीस वर्षं मी ह्या पाढ्यावर तरीची होडी चालवली. ह्या काठावरची माणसं त्या काठाला न्यायची, त्या काठावरची ह्या काठाला. बाजाराची माणसं, बकऱ्या, सायकली, नवऱ्या मुली, एकदा तर आजारी म्हैस. सगळे बसले की मी एकच सांगायचो, "नीट बसा," आणि वल्ही मारायचो. पाण्याची वेळ विचारायला मोठमोठ्या होड्यांची माणसं माझ्याकडे यायची. पाण्यातलं मला कळतं हे गावानं मानलं होतं. तू पण मानलं असशील असं मी धरून चाललो.

तू ह्याच नदीनं माझ्या घरी आलीस. तेव्हा तुमच्याकडे रस्ता नव्हता. वऱ्हाड दोन होड्यांत, मधे एक मुक्काम. तू एकोणीस वर्षांची, शालू सावरत मधल्या फळीवर बसलेली, आणि मी नवरदेव असून उगाच ऐट दाखवायला वल्ही हातात घेतलेली. हाताला फोड आला तो तू पाहिलास आणि पदराआड हसलीस. तुझी आई घाटावर उभी होती. होडी सुटताना ती म्हणाली, "मथू, गेलीस त्या वाटेनं एकदा ये." सगळ्यांनी ऐकलं. मी पण ऐकलं. आया असं म्हणतात, असं समजून सोडून दिलं.

मग रस्ता झाला, एसटी आली. तू माहेरी जायचीस ती एसटीनं. एकदा, पोरगा लहान असताना, तू परत आलीस आणि भाकऱ्या थापता थापता म्हणालीस की तुमच्या घराचं तोंड नदीकडे आहे, आणि रस्ता आलाय घराच्या पाठीमागनं. एसटीतून उतरलं की गोठ्याच्या बाजूनं, शेणाच्या खड्ड्याशेजारनं घरात शिरावं लागतं. "लग्न होऊन गेले तेव्हापासनं पुढल्या दारानं मी आईच्या घरात पाऊल ठेवलं नाय ओ," म्हणालीस. मी म्हटलं, दार कुठलं का असेना, चहा तोच मिळतो ना. तू तव्यावरची भाकरी उलटलीस.

पण दरवर्षी माघ आला की विचारायचीस. जाऊया का वरती, होडीनं? मी दरवर्षी नवीन उत्तर द्यायचो. नदी काय पळून चाललीय? दिवसभर वल्ही मारून आलेल्या माणसाला हौस म्हणून पण वल्ही मारायला सांगतेस, तुला काही वाटतं? पोराची परीक्षा आहे. आईला बरं नाही. तरीची होडी बंद केली तर लोक जाणार कसे? मग मोठी बोट आली, तिच्यात मोटारीसुद्धा चढतात, आणि माझी तरीची होडी बंद पडली. तेव्हा उत्तर संपलं. होडी अंगणात पालथी पडली. मी तिच्याकडे बघत नव्हतो. तूच दरवर्षी पावसाआधी तिला तेल पाजायचीस, फटीत कापूस कोंबायचीस. मला वाटायचं, तुला वस्तू टाकवत नाही म्हणून करतेस.

आणि दोन वर्षांमागं, माघातल्या पौर्णिमेला, मी अंघोळ करून येतो तर ओट्यावर सगळं मांडलेलं. मालगुंडच्या बाजारातनं आणलेली निळी ताडपत्री, मच्छरदाणी, दोन गोधड्या, टोप, तवा, उकड्या तांदळाची पिशवी, कुळथाचं पीठ, सुके बांगडे, आणि लाल खणात बांधलेला एक नारळ. घाटावरच्या देवीच्या ओटीचा. तू म्हणालीस, "मी उद्या निघाले. यायचं तर या."

मी म्हटलं, "होडी कोण वल्हवणार? तू?"

"तुम्ही नाय आलात तर मीच."

मी आलो. पाहायला आलो म्हण, तू किती पाण्यात आहेस ते.

*

पहिल्याच दिवशी भांडण झालं, सुकाणू कोणी धरायचं ह्यावर. माझ्या होडीत मागच्या जागेवर माझ्याशिवाय कोणी बसलेलं नव्हतं. पण मी वल्ही मारणार तर सुकाणू तुलाच धरावं लागणार, दुसरं होतं कोण? पहिला तास मी मान वळवून वळवून सूचना देत होतो. डावीकडे घे. इतकं नको. अगो दगड. तू ऐकून घेतलंस आणि मग म्हणालीस, "जन्मभर आडवे गेलात. उभी नदी तुमच्या बापानं तरी बघितली होती का?"

खरं होतं. चाळीस वर्षांत मी नदी हजारो वेळा ओलांडली, पण कधी तिच्यातनं वर गेलो नाही. पहिलं वळण गेलं आणि मला काही ओळखीचं राहिलं नाही. कांदळाची झाडं दोन्ही काठांनी पाण्यात उतरलेली, मधनं पाण्याची गल्ली. भरती पाठीमागनं ढकलत होती. मी नुसती वल्ही टेकवत होतो. तू मागं बसून एकेका वळणाचं नाव सांगत होतीस. हे भटाचं वळण, हा हत्तीचा दगड, इथं मिठाचे पडाव थांबायचे, इथं माझ्या चुलत्याची होडी उलटली होती पण तो वाचला आणि त्याची पगडी गेली. एकोणिसाव्या वर्षी एकदा ज्या वाटेनं आलीस ती तुला अशी पाठ. मी विचारलं, कसं लक्षात राहिलं? तू म्हणालीस, रोज जायचे ना. रांधताना, धुताना, रोज एकदा वर जाऊन यायचे.

त्या संध्याकाळी आपण माडांच्या खाली एका जुन्या धक्क्यापाशी होडी लावली. तू चूल पेटवलीस, मी ताडपत्री ताणत होतो आणि तिचे कोपरे माझं ऐकत नव्हते. तेवढ्यात वरच्या वाडीतला एक म्हातारा कोयता घेऊन खाली आला. त्याला वाटलं, नारळ चोरणारी माणसं. आपली पिकली डोकी पाहून त्यानं कोयता खाली केला आणि विचारलं, कुठली तुम्ही, घरनं भांडून आलात काय? तू फुंकणीवरनं तोंड काढून म्हणालीस, "पळून आलोय."

"ह्या वयात?"

"त्या वयात ह्यांना धीर नव्हता."

तो इतका हसला की खाली बसला. मग दोन शहाळी काढून दिली आणि कुळथाची पिठी आणि भात आपल्याबरोबर जेवून गेला. मला राग आला होता तेव्हा. परवा त्याच धक्क्याला होडी लावली तर तो पुन्हा आला. विचारलं, पळवून आणलेली कुठं आहे? मी सांगितलं. ताडपत्रीचे दोन कोपरे त्यानं बांधले, दोन मी. मग शहाळं मात्र एकच काढलं आणि दोघांनी मिळून प्यालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू माझ्या पाठीत बोट खुपसलंस. वळून बघतो तर पलीकडच्या काठावर पाणमांजरं, पाच उद, ओले चकचकीत, चिखलावरनं घसरगुंडी खेळतायत. एक खाली आला की धावत वर, पुन्हा घसरत खाली. मी म्हटलं, जाळी फाडतात मेले. तू मागं हसत सुटलीस. म्हणालीस, देवानं समोर तमाशा मांडला तरी तुम्ही तिकिटाचा हिशोब करणार. मी पण हसलो. तुला दिसलं नाही, माझी पाठ होती तुझ्याकडे. हे सांगायचं राहिलं होतं. हसलो होतो.

आणि त्या दिवशी दुपारी, दुसऱ्या मुक्कामाला. तिथं पाणी गोडं व्हायला लागलं होतं. मी वाळूवर आडवा पडलो होतो, डोळा लागत होता, आणि पाण्यात काहीतरी पडल्याचा आवाज आला. उठून बघतो तर होडीत तू नाहीस. काठावर नाहीस. मी तुझ्या नावानं ओरडलो. मथू म्हणून. पन्नास वर्षांत तुझ्या नावानं कधी हाक मारली नव्हती, ती मारली, आणि नदीच्या मध्यावरनं तू ओ दिलीस. नऊवारीचा काष्टा घट्ट मारून तू पोहत होतीस. ऊद जसा जातो तशी, पाण्याला न दुखवता. पलीकडच्या काठाला हात लावलास आणि परत आलीस.

मी विचारलं, "तुला पोहता येतं?"

"लहानपणापासनं."

"मग कधी सांगितलं नाहीस ते?"

"तुमच्याकडे बायका पाण्यात उतरत नव्हत्या. तुमची आई म्हणाली, आमच्यात नाय चालत. मग नाय उतरले."

पन्नास वर्षं तू त्या खाडीच्या काठावर राहिलीस. रोज माझ्यासाठी डबा घेऊन धक्क्यावर यायचीस, पायरीवर बसायचीस, पाय सुद्धा कोरडे ठेवायचीस. मी पाण्यावर जगणारा माणूस. आणि घरातलं बाईमाणूस पाण्यातली मासोळी आहे हे मला ठाऊक नाही.

त्या संध्याकाळी मी फारसा बोललो नाही. तुला वाटलं दमलेत. आता खरं सांगतो. मला भीती वाटायला लागली होती. दोन दिवसांत तू माझ्या ओळखीची राहिली नव्हतीस. जसजसं वर जात होतो तसतशी तू मोठी होत होतीस आणि मी लहान. वाटलं, उद्या घाटावर उतरलीस, पुढल्या दारानं घरात शिरलीस, की मग माझ्या घरी मागं येईल ती कोणीतरी दुसरीच असेल. वेड्यासारखं आहे हे. पण वाटलं ते वाटलं.

*

पावणेतीन झाले. भात चुलीवर ठेवून आलो. आता तुला कळलं असेल मी इथं काय करतोय.

त्या दिवशी आपण सव्वादोनच्या सुमाराला ह्या खडीवर आलो आणि होडी टेकली. मी म्हटलं, सव्वादोनची भरती, वरती पोचायला अर्धा तास, पावणेतीनला पाणी उचलेल. तू म्हणालीस, अर्ध्या तासानं नाय व्हायचं. आमच्याकडे पाणी उशिरा येतं. आई सांगायची, जयगडला, खाडीच्या तोंडाशी, पाणी भरलं की चुलीवर भात ठेवायचा. भात शिजला, माणसं जेवली, भांडी घासून पालथी घातली, की मग पाणी घाटाला लागतं. "मी भात टाकते. जेवा, पडा, पाणी आपल्या पायानं येईल."

आणि दगड गोळा करून तू चूल मांडायला घेतलीस.

मला ते लागलं. चाळीस वर्षं ज्याला लोक पाण्याची वेळ विचारत आले त्याला बायको टोपातल्या भातावर भरती मोजून दाखवतेय. मी म्हटलं, पाणी मला शिकवू नको. पावणेतीन झाले, तीन झाले, पाणी बोटभर चढलं नाही. मी पाण्यात उतरलो आणि होडी ढकलायला लागलो. तू म्हणालीस, नका, खाली दगड आहे. मी ढकललीच. कर्र झालं आणि खालच्या फळीला वीतभर चीर गेली. पाणी आत यायला लागलं तशी मी कापूस कोंबला, आणि मनातनं मला बरं वाटलं गो. कारण मिळालं. म्हटलं, आज उधाण कमी आहे, पाणी इथवर येणारच नाही, फळी फुटलीय, परत फिरायचं. चुलीवरचा भात अर्धा कच्चा होता. तो टोप तसाच उचलून तू होडीत ठेवलास.

परत फिरलो. आणि अर्धा तास गेला नसेल, माझ्या वल्ह्यांना पाणी जड लागायला लागलं. वल्ही चाळीस वर्षं हातात असलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. समोरनं भरती येत होती. तू म्हणाली होतीस तीच, तेवढ्याच उशिरानं. काठावरचे दगड एकेक करून बुडत होते. होडी तिथंच वळवली असती तर पाण्यानं आपल्याला आपल्या पायानं घाटाला नेलं असतं. मला कळलं होतं. तुला कळलं होतं. तू एक हात पाण्यात सोडून बसली होतीस, पाणी तुझ्या बोटांमधनं उलटं चाललं होतं, वरती, तुझ्या घराकडे.

आणि मी त्या पाण्याच्या विरुद्ध वल्ही मारत राहिलो. खांद्यातनं कळा येत होत्या. तू म्हणालीस, "हात दुखले असतील. थोडं थांबा."

मी म्हटलं, "गप बस."

तू गप्प बसलीस. घरापर्यंत, दोन दिवस.

घरी आल्यावर एकदा मी म्हटलं, पुढल्या वर्षी जाऊ. तू मान हलवलीस. पुढल्या माघात तू खाटेवर होतीस. त्या आजारपणात माझ्याबद्दल तू कधी कुरकूर केली नाहीस, एकदाच विचारलंस, होडीला तेल लावलं काय? मी हो म्हटलं. खोटं होतं. दुसऱ्या दिवशी जाऊन लावलं. तेव्हा तुझ्याजवळ बसून तीन शब्द बोलायचे होते, तुझं बरोबर होतं. रोज ठरवायचो. मग तुला पेज भरवायचो, गोळी द्यायचो, उशी नीट करायचो, आणि ते शब्द पुन्हा उद्यावर. तू बघायचीस माझ्याकडे, वाट बघितल्यासारखी. का मलाच तसं वाटायचं?

तेराव्याला तुझी भावजय आली. भाऊ गेल्यापासनं ती घराबाहेर पडत नाही, तरी आली. पंगत उठल्यावर माझ्याशेजारी बसली आणि सांगायला लागली की त्या दिवशी ती दुपारपासनं घाटावर बसली होती. तू फोन केला होतास, तृतीयेला येतोय म्हणून. तिनं पुढलं दार उघडं टाकलं होतं, उंबऱ्यावर रांगोळी काढली होती, पाय धुवायला कळशी भरून ठेवली होती. चारच्या सुमाराला पाणी घाटाला लागलं, भरपूर लागलं, तीन पायऱ्या बुडाल्या. दिवेलागणीपर्यंत ती वाट बघत होती. मग तिनं विचारलं, "मथूवन्सं म्हणाल्या त्यांच्याच पोटात दुखायला लागलं म्हणून तुम्ही परतलात. तेव्हापासनंच का ओ हे दुखणं?"

मी काय सांगू तिला? तुझं पोट दुखत नव्हतं. तू तुझ्या माहेरात माझी लाज राखलीस. तुझ्या भावजयीला खोटं सांगितलंस, आणि मला एका शब्दानं कळू दिलं नाहीस.

मी तिथं सगळ्यांसमोर म्हटलं, पोट नव्हतं दुखलं. मी परत फिरवली. पाणी येणार आहे हे ती सांगत होती, मी ऐकलं नाही. पोरगा म्हणाला, बाबा, आता कशाला. भावजय म्हणाली, "मग तुम्ही या आता. दार उघडं ठेवते."

त्याच आठवड्यात तांदळाच्या पिंपामागं तो लाल खण सापडला. नारळ तसाच बांधलेला. कानाशी हलवला तर आत खडखड वाजला. दोन वर्षांत आत सुकून गोटा झालाय. तू फोडला नाहीस, कोणाला दिला नाहीस, तिथंच ठेवलास. तुला जायचंच होतं म्हणजे.

पोरगा मिरजोळ्याला घेऊन जातो म्हणतोय. कारखान्याजवळ त्याचं घर आहे, दुसऱ्या मजल्यावर, नळाला पाणी चोवीस तास. मी म्हटलं येतो, पण होडी एकदा वर नेऊन आणतो. तो ओरडला, खांदा कामातनं गेलाय, एकटे कसे जाणार? सून म्हणाली, जाऊ दे त्यांना. तिनं मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दिला आणि ही वही दिली. चिरलेली फळी मी बदलली. खांद्याचं म्हणशील तर मी फारसं काही केलं नाही, पाण्यानंच आणलं. दिवसाला एक भरती घेतली, उरलेला वेळ काठावर बसलो. मागच्या जागेवर कोणी नसल्यानं होडी सारखी वाकडी जायची. डावीकडे घे, डावीकडे घे, असं मी दोनदा मोठ्यानं म्हटलं आणि मग लक्षात आलं.

*

भात शिजला. हाताला सवय, दोघांचा शिजला. बांगडा निखाऱ्यावर भाजला, जरा करपला. तू असतीस तर म्हणाली असतीस, तुम्ही होड्या वल्हवाव्यात, मासे भाजू नयेत. जेवलो. घाई केली नाही, तुझ्या आईच्या मापात घाई बसत नाही. दगडांवर पाणी अजून चढलेलं नव्हतं आणि मधेच मनात आलं, नाहीच आलं तर? वाळू सरकते, नद्या बदलतात. मग तुझंही चुकलं असं होईल आणि आपण दोघं सारखे. क्षणभर मला ते हवं पण होतं. खोटं कशाला बोलू.

उरलेला भात माशांना टाकला. टोप राखेनं घासला, मग ताट, मग तवा. तू घासायचीस तसा नाही निघाला, बुड काळंच राहिलंय. तिन्ही भांडी दगडावर पालथी घातली आणि इथं येऊन बसलो.

ओटीचं मला कळत नाही. पुरुष भरत नाहीत, भावजय पण आता भरणार नाही म्हणेल. नारळ घाटावर देवीसमोर ठेवीन, पुढलं देवीनं बघावं. मला एवढंच करायचंय की घाटाच्या पायऱ्या चढायच्या, पाय धुवायचे आणि पुढल्या दारानं आत जायचं. कोणी विचारलं, कोण तुम्ही, तर सांगीन, मथूचा घो. ह्या गावात माझी तेवढीच ओळख आहे आणि ती पुरे.

बगळा उडाला.

ज्या दगडावर तो होता तो दिसत नाही. थांब, बघून येतो.

आलं गो. आवाज न करता आलंय, पाठीमागनं, वाळूवरनं बोटबोट सरकत. पालथ्या घातलेल्या टोपापर्यंत आलं, मी भांडी उचलली. करंजाची मुळं भिजली. घड्याळात चार वाजून पाच मिनिटं झालीत. तुझं बरोबर होतं.

पुन्हा लिहितो, नीट अक्षरात. तुझं बरोबर होतं. त्या दिवशी पण मला ठाऊक होतं.

होडी एका अंगानं उचलली, आता दुसऱ्या. दोरी सोडायला हवी, वही पिशवीत घालतो. नारळ खणासकट मागं ठेवलाय, सुकाणूपाशी, तुझ्या जागेवर. होडी हलली की तो वाजतो.

निघतोय. नीट बस.